कान्थोच्या दिशेनं दोन बोटं

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसूच नये. माझ्या बायकोचाही बसला नाही. पण त्या बाईनं एकेचाळीस वर्षं माझं इतकं काही ऐकून घेतलंय, की आता मी नुसतं 'पाऊस पडतोय' म्हटलं तरी ती आधी खिडकीतून हात बाहेर काढून बघते. असो. तुमच्या कॉफीचे थेंब अजून गाळणीतून पडतायत, कालव्याला भरती यायला अजून तासभर आहे, म्हणजे कुणाचीच होडी इतक्यात हलत नाही. तेव्हा ऐका. आपल्या या राच काउ कालव्यावर एका मेलेल्या माणसानं घर सोडून जायचं ठरवलं, भरल्या घरात, भर दुपारी दोन बोटं चालूनही गेला, आणि त्याला परत आणलं ते होम थिएटरनं.

हसा. आत्ताच हसून घ्या.

तर उतकाका. बदकवाले उतकाका. आपल्याकडे माणसाला नावानं हाक मारायची रीत नाही, कितव्या नंबरावर जन्मला त्या आकड्यानं मारतात. चिन म्हणजे नऊ, मुई म्हणजे दहा, आणि उत म्हणजे शेंडेफळ. हे शेंडेफळ एकसष्ट वर्षांचं झालं, खालच्या बाजूला चारच दात उरले, तरी शेंडेफळच. आणि शेंडेफळाच्या वाट्याला घर येतं, घरातले म्हातारे येतात, आणि म्हातारे गेले की त्यांचा उदबत्त्यांचा वाडगा येतो.

वाडगा तसा साधाच. चिनी मातीचा, निळ्या नक्षीचा, राखेनं भरलेला. पण एकदा पूर्वजांच्या टेबलावर बसवला की बसवला. हलवायचा नाही. नव्या वर्षाच्या साफसफाईलासुद्धा एका हातानं तो गच्च धरायचा आणि दुसऱ्या हातानं भोवतीची धूळ पुसायची. गेलेला माणूस त्यात बसलेला असतो ना! तुम्ही जेवायला बसलात आणि कुणी बुडाखालची खुर्ची ओढली तर?

उतकाकांचे वडील त्या वाडग्यात अकरा वर्षं बसून होते. जिवंत होते तेव्हा होडीतून मडकी विकायचे. आवाज असा, की या कालव्यावर आरोळी दिली तर तिसऱ्या कालव्यावरची बाई फुटकं मडकं फेकून धक्क्यावर येऊन उभी राहायची. गाण्याचं भलतं वेड. अशा माणसाची तिथी, म्हणजे घर कसं दणाणलं पाहिजे. आणि इथं काय व्हायचं? लोक यायचे, वाडग्यात उदबत्ती खोचायचे, नारळपाण्यात शिजवलेलं डुकराचं मटण आणि आंबट माशाचं कालवण ओरपायचे, आणि तोंड पुसत पुसत उठायचे. कारण कालव्याच्या पलीकडून चिनकाका हाक मारायचा, "चला मंडळी, झालं का जेवण? मशीन लावलंय!"

चिनकाकाचं कराओके. माणसाच्या उंचीचे दोन स्पीकर, तोंडं कालव्याकडे. आणि त्याचं मशीन इतकं भलं, की कुणीही गा, शंभरापैकी अठ्ठ्याण्णवच्या खाली गुण द्यायचंच नाही. खोकलात तरी सत्त्याण्णव. मग कोण थांबतंय उतकाकांकडे? गेल्या वर्षी केळीच्या पानातले चिकट भाताचे मुटके वाढायची वेळ आली, तेव्हा घरात उरले तिघं: उतकाका, त्यांची एकोणनव्वद वर्षांची आई आणि कुत्रा.

नाही, चौघं. थोरले दादा होते. आणि तेच तर झालं.

थोरल्या दादांचं कान्थो शहरात फरशांचं दुकान. ढेरीच्या वर पट्टा बांधणारा माणूस. त्यांनी रिकाम्या चटयांकडे पाहिलं, टेबलावरच्या वडिलांच्या फोटोकडे पाहिलं, आणि म्हणाले, "उत, हे बाबांचं जेवण आहे की फेरीबोटीचा थांबा? येतात, खातात, पुढची बोट पकडतात."

"दादा, ते चिनकाकाचं मशीन…"

"मला कारणं नकोत. पुढच्या वर्षी असंच झालं तर बाबांचा वाडगा मी कान्थोला नेणार. भिक्षू बोलावून, रीतसर. आणि वाडगा तिकडे म्हणजे आईही तिकडे. चौथ्या मजल्यावर खोली आहे, संडास घरात आहे, फरशी माझ्या दुकानातली."

आई भिंतीला टेकून विडा चघळत होती. तिला कुणी काही विचारलं नाही. तिनं फक्त पिंक जरा लांब टाकली.

उतकाकांना त्या रात्री झोप नाही. बदकं गेली तर बदकं येतात, पण आई गेली आणि बापही गेला, मग त्या घरात शेंडेफळानं राहायचं कुणाचं शेंडेफळ म्हणून?

वर्षभर त्यांनी नाना विचार केले. बँड आणावा, तर बँडवाला शहरातला. चिनकाकाचं मशीन कालव्यात पाडावं, तर ते पाप. आणि तिथीला तीन आठवडे उरले असताना देवच पावला. बिन्ह झुओंग प्रांतातल्या बुटांच्या कारखान्यात कामाला असलेल्या त्यांच्या मुलीला वर्षअखेरच्या सोडतीत बक्षीस लागलं, आणि तिनं ते जसंच्या तसं बसच्या टपावरून बापाला पाठवून दिलं. होम थिएटर! पाच चिमुकले स्पीकर, एक अँप्लिफायर, आणि तांदळाच्या कणगीएवढा एक काळा खोका, जो नुसता घुमतो. टीव्ही घरात होताच.

उतकाकांनी मुईला बोलावलं.

मुई म्हणजे होडीच्या इंजिनांची कारागीर. पाण्याचा पंप असो, भाताची गिरणी असो, मुईच्या पान्याला नाही म्हणणारं यंत्र या कालव्यावर अजून यायचंय. तिनं खोकी उघडली, अँप्लिफायर उलटा केला, सुलटा केला, कानाशी धरून हलवून पाहिला आणि म्हणाली, "काका, माईक खुपसायला भोकच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे हे सिनेमा बघायचं यंत्र. हिरो पुढून बोलणार, वादळ मागून येणार, बाँब खालून फुटणार. याला नुसतं बोलता येतं. ऐकता येत नाही."

"आमच्या थोरल्या दादासारखंच की," उतकाका म्हणाले.

मुईनं डोकं खाजवलं. मग बाजारात जाऊन तिनं एक छोटा कराओकेचा डबा आणला, बटणंच बटणं असलेला, गाणाऱ्याला टीव्हीवर गुणही देणारा. माईक त्या डब्यात, टीव्हीचं गाणंही त्याच डब्यात, दोन्ही आवाज तिथं कालवायचे आणि कालवलेलं एका वायरीनं अँप्लिफायरच्या पाठीत सोडायचं. मसाला आधी कालवला तर माशाला नीट लागतो, तसंच. एक बटण होतं आवाजाला घुमारा आणणारं. ते मुईनं अर्ध्यावर फिरवलं आणि म्हणाली, "हे बटण म्हणजे गरिबाची इज्जत. कसाही गा, गुहेत गायल्यासारखं वाटतं."

पहिली चाचणी. उतकाकांनी माईकमध्ये 'आ' केलं. काहीच नाही. पुन्हा 'आ'. काहीच नाही. ते कंटाळून बदकांना कोंडा टाकायला गेले, कोंडा टाकून हात धुऊन परत आले, तेव्हा घरातून त्यांचा पहिला 'आ' येत होता.

बरं, एवढा उशीर नसेल झाला. पण झाला. गाण्याचे शब्द टीव्हीवर पुढे पळायचे, आणि आवाज मागून लंगडत यायचा. वर आईच्या पाठीमागच्या चिमुकल्या स्पीकरमधून कुणी 'आ' केलं की ती दचकून मागं बघायची. "कोण आलं रे? पाणी द्या त्यांना."

मुई दोन दिवस रिमोटशी झटली. शेवटी तिला गोम कळली. यंत्र आवाज घेऊन आधी विचार करत बसायचं, की हा हिरोचा, हा वादळाचा, हा बाँबचा. विचार करण्यात वेळ जायचा. तिनं ते विचार करणं बंदच करून टाकलं, साधा दोन बाजूंचा आवाज ठेवला, मागचे स्पीकर पुढं आणले. आवाज लगेच ताळ्यावर आला. मुई म्हणाली, "विचार सोडला की गाणं जमतं. माणसांचंही असंच असतं." उतकाका म्हणाले, "असेल बाई, मी कधी विचार केला नाही."

मग शिट्टी. उतकाका माईक घेऊन स्पीकरसमोर उभे राहिले मात्र, असा काही कर्कश चीत्कार निघाला की दोनशे बदकं एका रांगेत पाण्यात उतरली आणि वरच्या पुलापर्यंत थांबलीच नाहीत. आपला आवाज आपल्याच कानात ओतायचा नाही, हे कळायला एक दिवस गेला. स्पीकर गाणाऱ्याच्या पुढं, माईक त्यांच्या मागं. जमिनीवर मुईनं खडूनं रेघ मारली. "या रेघेच्या पुढं जो गाईल, तो बदकं शोधायला जाईल."

आता उरला तो काळा, घुमणारा खोका. कुठं ठेवायचा? कोपऱ्यात ठेवला तर आई म्हणाली, तिथं तिची खाट आहे. दाराशी ठेवला तर त्याची पाठ पूर्वजांच्या टेबलाकडे. बाबांकडे पाठ करून कुणी बसतं का? बाजूला ठेवला तर त्याचं तोंड बाबांच्या कानात. तेही बरं नव्हे. आदराचा विचार करता करता दोघांना एकच जागा सापडली: खाली. टेबलाच्या पोटात, लाल कापडाच्या झालरीआड. बाबांच्या पायाशी. याहून नम्र जागा कोणती?

आणि टेबल फणसाच्या जुन्या लाकडाचं, आतून पोकळ. खोका त्यात शिरला आणि आवाज असा गोल, भरदार झाला, की मुईनं डोळेच मिटले. "काका," ती म्हणाली, "हे नौका ओढणारं इंजिन झालं."

तिथीचा दिवस उजाडला. चाळीस माणसं. थोरले दादा बायकोसकट. चिनकाकाही आला. वर्षानुवर्षं यायचा, उदबत्ती खोचायचा, दोन वाट्या तांदळाची दारू घ्यायचा, आणि मग लोकांना आपल्या घरी न्यायचा. जेवणं उरकत आली. चिनकाका ढेकर देऊन उठला. "चला मंडळी, मशीन लावून आलोय."

थोरले दादा त्यांच्याकडेच बघत होते. उतकाकांनी घाईघाईनं माईक उचलला, खडूच्या रेघेमागं उभे राहिले, आणि चार दातांतून जसं येईल तसं गायले. मुईनं घुमाऱ्याचं बटण पाऊणपर्यंत नेलं. गाणं संपलं आणि टीव्हीवर आकडा आला. त्रेसष्ट.

लोक फिदीफिदी हसले. "त्रेसष्ट? काका, नापास होता होता वाचलात!"

"याचं मशीन बिघडलंय," चिनकाका म्हणाला. "आण इकडे." हसत हसत माईक घेतला, छाती फुगवली आणि आपलं ठेवणीतलं गाणं लावलं, ज्याला त्याच्या घरी दर वेळी शंभर मिळायचे, वर तुतारी वाजायची. गायला. मन लावून गायला. शेवटचा सूर असा काही लांबवला की त्याची बायको उठून पाणी घेऊन आली. आकडा आला. एकसष्ट.

मग कुणाची तरी बायको खुदकन हसली.

"काहीतरी चुकलंय," चिनकाका म्हणाला.

"मशीन खरं बोलतंय," मुई म्हणाली. "तुमच्या मशीनमध्ये मला गेल्या वर्षीच खटका दिसला होता. अठ्ठ्याण्णवच्या खाली उतरायचं नाही असा लावलाय."

"हाड! पुन्हा लाव!"

इथं मंडळी खरी गंमत. चिनकाका जाईना, म्हणून कुणीच जाईना. चिनकाकाला एकसष्ट मिळतात हे सोडून कोण जाईल? दुसऱ्या वेळी अठ्ठावन्न. तिसऱ्या वेळी चौसष्ट, तेव्हा त्यानं दोन वाट्या आणखी मागवल्या. पलीकडे त्याचं मशीन रिकाम्या अंगणात एकटंच वाजत होतं. इकडे आपले लोक मुटके खातायत, टाळ्या देतायत, आकड्यावर पैजा लावतायत. उतकाकांनी भावाकडे चोरून बघितलं. थोरल्या दादांनी पट्टा एक भोक सैल केला होता आणि चौथा मुटका सोलत होते.

"मुई, खालचा आवाज वाढव!" चिनकाका ओरडला. "माझ्या गाण्याला खाली दम पाहिजे!"

मुईनं वाढवला. टेबलाखालचा खोका असा घुमला, की समोरच्या नारळीवरून शहाळी पडायला लागली. सात पडली. आठवं पडणार होतं, पण गाणं संपलं म्हणून देठाशीच थांबलं. कालव्यातले शिंगाळे मासे उड्या मारून थोरल्या दादांच्या होडीत पडले, तेही मोठे बघून, बारके नाहीत. आणि दोनशे बदकं परत आली होती, ती अंगणात गाण्याच्या ठेक्यावर एकदा डावा पाय, एकदा उजवा.

सातव्या वेळी चिनकाकाला एकोणसत्तर मिळाले आणि तो आनंदानं रडला. त्याच वेळी थोरल्या दादांची बायको किंचाळली.

"वाडगा!"

सगळे टेबलाकडे वळले. अकरा वर्षं वाडगा जिथं बसला होता तिथं लाकडावर एक गोल कडं उमटलं होतं, आतलं लाकूड नवंकोरं, लाल. आणि वाडगा त्या कड्यात नव्हता. तो कड्याबाहेर, उजवीकडे, दोन बोटं सरकून उभा होता. उदबत्त्या तशाच जळत होत्या. चिनकाका दोन सुरांच्या मधे अडकला होता. मुईनं आवाज बंद केला.

वाडगा हलला. उतकाकांच्या घरात, उतकाकांनीच आणलेल्या खोक्यानं.

थोरले दादा सावकाश उठले, हात पुसले, टेबलाजवळ गेले. डोळे बारीक करून त्यांनी वाडगा पाहिला, मग खिडकीतून बाहेर पाहिलं, कालवा कुठं वाहतो ते पाहिलं. "उजवीकडे," ते म्हणाले. "उजवीकडे म्हणजे कान्थो."

"दादा, अहो तो आवाजाचा धक्का आहे! खाली खोका आहे, टेबल थरथरतं…"

"म्हणजे तू बाबांना धक्का मारलास?"

"नाही, मी कशाला…"

"मग ते आपणहून निघालेत." दादा लोकांकडे वळले. "तुम्हीच सांगा. एक तर यानं बापाला ढकललं, नाही तर बाप स्वतः कान्थोला निघालाय. दोन्हीत वाडगा माझ्याकडे येतो."

चिनकाका माईकमध्येच पुटपुटला, "माझ्या गाण्यावर निघाले म्हणजे आवडलं नसेल त्यांना," आणि ते घुमाऱ्यासकट साऱ्या घरानं ऐकलं. उतकाका खाली बसले. चार दात असलेलं तोंड उघडं, डोळे भरलेले. आईकडे बघायची त्यांची हिंमत होत नव्हती.

तेव्हा म्हातारी बोलली. वर्षभरात ती इतकं बोलली नव्हती. "ए मुई. होडी पुढं गेली तर मागं आणतेस ना?"

"आणते की आजी. गियर उलटा टाकून."

"मग या खोक्याच्या वायरी उलट्या लाव. पुढं ढकललं असेल तर मागं ओढेल. आणि धक्क्यानं नसेल, हा स्वतःच निघाला असेल, तर उलट्या वायरींचं हा ऐकायचा नाही. माझं कधी ऐकलं नाही, वायरींचं काय ऐकतो! मग जाऊ दे खुशाल कान्थोला. तान, मान्य?"

तान हे थोरल्या दादांचं नाव. आईशिवाय त्या नावानं त्यांना कुणी हाक मारत नाही. दादांनी पट्टा पुन्हा आवळला. "मान्य."

"पण बाप जाताना कुणी बघत नव्हतं. येतानाही बघायचं नाही. माणूस रुसून निघाला आणि चार पावलांवरून परत आला, तर त्याच्याकडे टक लावून बघतात का रे? सगळे दाराकडे तोंड करा. गुडघे टेका. डोळे मिटा. चिन, तू गा."

"कोणतं?"

"तेच. पूर्ण."

मुई झालर उचलून टेबलाखाली शिरली. लाल वायर काळ्याच्या जागी, काळी लालच्या जागी. चाळीस माणसं दाराकडे तोंड करून कपाळ जमिनीला टेकून बसली, थोरले दादा सगळ्यात पुढं. उतकाकांनी डोळे इतके गच्च मिटले की डोळ्यांपुढं बदकं दिसायला लागली. ते मनात म्हणत होते, बाबा, तुमच्या आरोळ्या ऐकत मोठा झालो, आज एक आरोळी मी मारतो, इथंच राहा. आणि चिनकाका गायला. आज पहिल्यांदा आकड्यासाठी नाही, भीतीनं गायला, आणि तुम्हाला सांगतो, भीतीनं माणूस सुरात गातो. खोका उलट्या वायरींवर असा घुमला, की जमिनीतून गुडघ्यांत, गुडघ्यांतून पोटात.

गाणं संपलं. म्हातारी म्हणाली, "बघा आता."

वळून बघितलं तर वाडगा कड्यात. अगदी कड्यात! एका केसाचा फरक नाही. अकरा वर्षांपूर्वी बसवला होता तस्साच, निळं फूल समोर, उदबत्तीवरची राखसुद्धा वाकलेली तशीच, गळलेली नाही. टीव्हीवर आकडा चमकत होता, शंभर, पण बघतोय कोण! थोरल्या दादांनी वाडग्यासमोर कपाळ टेकलं आणि हुंदके देऊन रडले. "बाबा, तुमचं मन इथं आहे, कळलं मला. आई, तूही इथंच राहा." उतकाका भावाच्या गळ्यात, भाऊ उतकाकांच्या गळ्यात, आणि चिनकाका स्वतःच्याच गळ्यात, कारण शंभर गुण कुणी पाहिले नव्हते.

आता तुम्ही म्हणाल, वाडगा परत कसा गेला असेल? अहो, चालत! आधी थोडा डावीकडे डुलला, पाय लागतात का बघितल्यासारखा. मग एक बोट. मग मधे थांबला, फोटोकडे तोंड केलं, म्हातारीकडे बघून मान हलवली, म्हणजे वाडग्यानं जशी मान हलवावी तशी. मग दुसरं बोट, आणि टक्कन कड्यात. मी स्वतः…

"तुम्ही कुठं बघितलंत?" ती बघा मुई, पलीकडच्या बाकावर कॉफीत चमचा ढवळत कधीची बसलीय, आत्ता बोलली. "तुम्ही तर कपाळ टेकून दारातल्या माझ्या चपलांवर नाक घासत होतात!"

अगं, डोळ्याची एक फट…

"फट नाही नि बिट नाही! वायरी उलट्या केल्यानं वाडगा तसूभरही मागं आला नाही, उलट कान्थोकडे आणखी एक बोट सरकला. मी टेबलाखाली होते ना! झालरीतून डोकं काढून बघितलं, तर स्टुलावर चढलेल्या म्हातारीच्या टाचा, आणि वर दोन्ही हातांनी ती वाडगा उचलत होती. आणि ठेवून झाल्यावर खाली वाकून माझ्याकडे बघून तिनं ओठांवर बोट ठेवलं!"